चिंच लावलेला घोडा

आई अमेरिकेत आली की पहिल्या आठवड्यात तिचं एक ठरलेलं काम असतं, देवघरातली समई, तांब्या, निरांजन, घंटा सगळं सिंकमध्ये मांडून चिंच-मीठ लावून लख्ख करायचं. मी वर्षभर काही केलेलं नसतं हे तिला माहीत असतं आणि मला ते माहीत आहे हेही तिला माहीत असतं, त्यामुळे बोलणं काही होत नाही, नुसता घासण्याचा आवाज येतो. तर त्या दिवशी मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि खाली आले तेव्हा सिंकमध्ये समईशेजारी आमचा घोडा आडवा पडलेला. मागचे पाय वर, स्वार तोंडघशी, आणि आईच्या हातात नारळाची शेंडी.

"किती काळा पडू दिलायस गं. ब्राँझ आहे ना हा?"

पाठीमागचा तळहाताएवढा भाग पिवळाधमक झालेला होता. बाकी सगळा घोडा तपकिरी आणि पुठ्ठा पिवळा.

हा घोडा म्हणजे ‘ब्राँको बस्टर’. तुम्ही बघितलाय, नाव माहीत नसलं तरी. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या ऑफिसचे फोटो येतात ना, मोठं टेबल, मागे खिडक्या, त्यात कुठेतरी बाजूला एक छोटा पुतळा असतो, दोन पायांवर उभा राहिलेला बिथरलेला घोडा आणि त्याच्यावर कसाबसा टिकून राहिलेला काउबॉय, तोच हा. फ्रेडरिक रेमिंग्टन या अमेरिकन चित्रकार-शिल्पकाराने 1895 साली केलेला. आमच्याकडे जो होता तो अर्थातच रेमिंग्टनने केलेला नाही. इथे सिरॅक्यूजजवळ एका घरी एस्टेट सेल होता, म्हणजे घरातली म्हातारी माणसं गेली की मुलं सगळं सामान घरातच मांडतात आणि लोक आत जाऊन कपाटं उघडून बघतात, मला पहिली दोन-तीन वर्षं फार कसंतरी व्हायचं, आता होत नाही. तिथे हा होता. विकणारा म्हणाला "इट्स अ रेमिंग्टन", मी म्हटलं बरं, 85 डॉलर दिले. खोटाच असणार हे कळत होतं, पण आपल्याला लॉटरी लागलीये असं वाटायला 85 डॉलर फार नाहीत.

आईला सांगितलं की अगं ते काळेपण मळ नसतो. त्याला पॅटिना म्हणतात, ओतून झाल्यावर धातू गरम करून त्याच्यावर मुद्दाम रसायनं लावतात, अ‍ॅसिड वगैरे, मग तो तपकिरी, काळपट, हिरवट असा हवा तसा रंग धरतो, वरून मेण चोळतात. शिल्पकाराला तो रंग हवाच असतो. आईने ऐकून घेतलं. मग नखाने घोड्याच्या पोटावर टिचकी मारली, कान जवळ नेला, परत मारली.

"हे ब्राँझ नाहीच," ती म्हणाली. "पितळ आहे, आणि हलकं पितळ. काशाची वाटी कशी वाजते? हे वाजतच नाही, नुसतं ठक करतंय. आणि हे बघ, इथे सांधा आहे."

होता. चिंचेने रंग गेल्यावर घोड्याच्या शेपटीच्या मुळाशी एक रेघ दिसायला लागली होती, वरून कानशीने कशीबशी घासलेली.

आईचं माहेर पुण्याचं, कसब्यातलं, तांबट आळीच्या अगदी बाजूला. लहानपणी सकाळी जाग यायची ती मठारकामाच्या ठोक्यांनी, असं ती नेहमी सांगते. त्यामुळे धातूच्या बाबतीत तिचं मत आमच्या घरात शेवटचं असतं. भांडं हातात घेतलं की घडीव की ओतीव, पत्रा कितीचा, कल्हई कधी केली होती, सगळं सांगेल. माझ्या घोड्याचा निकाल तिने सिंकपाशी उभं राहून पाच मिनिटांत लावला. पण मग तिलाच जरा वाईट वाटलं असावं, कारण रात्री जेवताना म्हणाली, "खरा कुठे बघायला मिळतो?"

खरा आमच्यापासून अडीच तासांवर आहे. ऑग्डन्सबर्ग नावाचं गाव आहे, न्यूयॉर्क राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, सेंट लॉरेन्स नदीच्या काठावर, समोरच्या किनाऱ्यावर कॅनडा. रेमिंग्टनचं लहानपण तिथलंच. जन्म जवळच्या कँटनचा, 1861 चा. म्हणजे ज्या माणसाने जगाला काउबॉय म्हणजे काय ते दाखवलं तो ना टेक्ससचा ना मॉन्टानाचा, तर आमच्या इथल्या बर्फाळ, दुधाच्या डेअऱ्यांच्या मुलखातला. मला ही गोष्ट फार आवडते. वडील यादवी युद्धात घोडदळात अधिकारी होते, नंतर वर्तमानपत्र चालवायचे, त्यामुळे घरात घोडे आणि लढाया यांच्या गोष्टी भरपूर. मुलगा येलला कलेच्या शाखेत गेला पण तिथे त्याचं जास्त लक्ष फुटबॉलमध्ये, आणि 1880 मध्ये वडील वारले तसं त्याने कॉलेज सोडलंच.

शनिवारी निघालो. नवरा गाडी चालवत होता, लेक कानात हेडफोन घालून मागे, आई तिच्या शेजारी, आणि मी पुढच्या सीटवर वळून वळून रेमिंग्टन सांगत होते, म्हणजे कीर्तनच म्हणा. वडिलोपार्जित थोडे पैसे हातात आले, 1883 मध्ये कॅन्ससमध्ये जाऊन मेंढ्यांचं फार्म घेतलं. मेंढ्यांचं! काउबॉयचा सगळ्यात मोठा चित्रकार हा मुळात मेंढपाळ. वर्षभरात कंटाळला, विकून टाकलं. मग कॅन्सस सिटीत धंदे, त्यात एका सलूनमध्ये पैसे घातले (आईला सांगावं लागलं की हे केस कापायचं सलून नव्हे, दारूचा गुत्ता), ते पैसे बुडाले. 1884 मध्ये लग्न झालेलं, बायको ईव्हा, तिला हा संसार काही पटला नाही, ती वर्षाच्या आत माहेरी परत.

"शहाणी होती," आई म्हणाली.

मग हा पूर्वेला परतला, ब्रुकलिनमध्ये बिऱ्हाड केलं, बायको परत आली आणि मासिकांना चित्रं द्यायला सुरुवात केली. हार्पर्स वीकली तेव्हाचं मोठं साप्ताहिक. 1886 च्या जानेवारीत त्याचं चित्र पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या नावावर मुखपृष्ठावर आलं, विषय जेरोनिमोचा पाठलाग. जेरोनिमो म्हणजे चिरिकाहुआ अपाची या आदिवासी जमातीचा लढवय्या, अमेरिकन सैन्य अ‍ॅरिझोनाच्या डोंगरांत त्याला शोधत हिंडत होतं. त्याच उन्हाळ्यात साप्ताहिकाने रेमिंग्टनला तिकडे पाठवलं. जेरोनिमो याला भेटला नाही, पण घोडदळ भेटलं, वाळवंट भेटलं, आणि वह्या भरून स्केचेस घेऊन हा परत आला. नंतरची जवळजवळ पंचवीस वर्षं तो असंच जगला. पश्चिमेला अधूनमधून फेऱ्या मारायच्या, आणि चित्रं न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलच्या मोठ्या घरात बसून काढायची. स्टुडिओत खोगीरं, बंदुका, लगाम, मोकासिन, ढीग आणून ठेवलेले. खरा ‘वेस्ट’ तोपर्यंत आटोपत आलेला, कुरणांना तारेची कुंपणं पडलेली, रेल्वे सगळीकडे गेलेली. आणि हा स्वतः खाण्यापिण्यात कमी नाही, शेवटी शेवटी वजन तीनशे पौंडांच्या आसपास गेलं, म्हणजे 135 किलो, घोड्यावर बसणं मुश्किल. घोड्याची दया येऊन बसत नसेल, असं माझा नवरा म्हणाला. पण घोडा त्याला कळायचा हे कुणीही नाकारत नाही. आपल्या थडग्यावर ‘याला घोडा कळायचा’ एवढंच लिहावं असं तो म्हणायचा असं सांगतात.

शिल्पकलेकडे तो वळला कसा, ती गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते कारण त्यात कुठलाही दैवी साक्षात्कार वगैरे नाही, शेजारपाजारच आहे. न्यू रोशेलला त्याचा शेजारी ऑगस्टस थॉमस, नाटककार. त्याच्या आवारात रकस्टल नावाचा शिल्पकार एका सेनापतीच्या अश्वारूढ पुतळ्याचं काम करत होता. रेमिंग्टन रोज तिथे जाऊन उभा राहायचा, घोडा कसा उभा राहतो ते बघत. थॉमसने एकदा याला चित्र काढताना बघितलं होतं, एका बाजूने काढलेली माणसं याने पटकन दुसऱ्या बाजूने काढून दाखवली, म्हणजे डोक्यात ती माणसं चारही बाजूंनी फिरत होती. थॉमस म्हणाला, अरे तू चित्रकार नाहीस, तू शिल्पकार आहेस. रकस्टलने त्याला एक फिरतं स्टँड दिलं, माती दिली, हत्यारं दिली. कुठलं शिक्षण नाही, चौतिशीला आलेला माणूस, आणि पहिलाच विषय काय घेतला तर दोन पायांवर उभा राहून बिथरलेला घोडा. शिकाऊ माणूस गणपती करतो तसं नाही, एकदम शंकराचं तांडव. सगळं वजन मागच्या दोन खुरांवर, त्यावर माणूस पुढे झुकलेला. संगमरवरात असला घोडा केला तर पाय मोडून पडेल. ब्राँझला ती ताकद असते, पातळ पायसुद्धा वजन पेलतो.

1 ऑक्टोबर 1895 ला त्याने त्याचा कॉपीराइट घेतला. उंची साधारण दोन फूट. टिफनीच्या दुकानात विकायला ठेवला, किंमत अडीचशे डॉलर. त्या वेळी अडीचशे डॉलर म्हणजे सामान्य माणसाची कित्येक महिन्यांची कमाई, तरीही खपायला लागला.

ऑग्डन्सबर्गचं म्युझियम म्हणजे जुना वाडाच आहे, रेमिंग्टन गेल्यावर त्याची बायको तिथे येऊन राहिली होती. गर्दी अजिबात नाही. आम्ही चौघं आणि एक म्हातारं जोडपं. आणि तिथे तो होता.

मी आधी फोटो शंभरदा बघितले होते, घरात खोटा घोडा रोज बघत होते, तरी. पहिलं लक्षात आलं ते म्हणजे खाली संगमरवर नाही. आमच्या घोड्याला खाली काळ्या संगमरवराची चकचकीत पाटी आहे, मला ती त्याची शान वाटायची. खऱ्याला जमीनसुद्धा ब्राँझचीच, घोड्याच्या पायाखालची खडबडीत माती, त्याच्यातच कोरलेली सही. नंतर वाचलं की संगमरवरी पाटी ही नकलेची सगळ्यात सोपी खूण. दुसरं म्हणजे आकार, खरा थोडासा मोठा आहे. याचं कारण नवऱ्याला लगेच कळलं, तो मेकॅनिकल इंजिनिअर, ओतलेला धातू थंड होताना आकसतो. खऱ्या पुतळ्यावरूनच साचा काढून नक्कल ओतली की ती थोडी लहान होते, त्या नकलेवरून नक्कल काढली की आणखी लहान. आमचा घोडा घराण्यातला कितवा असेल देव जाणे.

आणि तिसरं, तपशील. हे मात्र आईने दाखवलं. ती काचेला नाक लावून उभी होती, गार्ड दोनदा बघून गेला. "तुझ्याकडच्याला आयाळ म्हणजे नुसती जाडी वेणी आहे," ती म्हणाली, "इथे बघ त्याने मूठ आवळलीय आणि बोटांच्या मधून केस बाहेर आलेत." खरंच. काउबॉयने एका हातात लगाम आणि आयाळ एकत्र घट्ट धरलीय, दुसरा हात चाबकासकट बाजूला, तोल सांभाळायला. घोड्याचं तोंड उघडं, मान आखडून मागे, कान पडलेले. मानेच्या शिरा दिसतात. आणि काउबॉयचा चेहरा, मला वाटलं होतं तो रागात असेल किंवा हिरोगिरी करत असेल, तसं काही नाही. कामात असलेल्या माणसाचा चेहरा आहे. कल्हईवाला भाता मारताना जसा बघायचा तसा.

त्या काउबॉयकडे बघताना एक आठवलं. ‘ब्राँको’ हा शब्द मुळात स्पॅनिश, रांगडा, न माणसाळलेला असा अर्थ. दोरीचा फास टाकणं, खोगीर, पँटवरून पायांना बांधायच्या त्या चामडी चॅप्स, हे सगळं मेक्सिकोच्या ‘वाकेरो’ म्हणजे गुराखी लोकांचं, त्यांच्याकडून काउबॉयने उचललं. खऱ्या काउबॉयांमध्ये काळे होते, मेक्सिकन होते, भरपूर. रेमिंग्टनने वाकेरो बघितले होते, काळ्या सैनिकांचं घोडदळ बघितलं होतं, त्यांच्याबरोबर हिंडला होता, त्यांची चित्रंही काढली. पण जगाच्या डोक्यात काउबॉय म्हणून जो बसला तो हा, एकच.

बघता बघता आईने मला विचारलं, "हा ओतला कसा? एका ओतात?" आणि मी तिला सांगायला लागले, कारण खरी गंमत इथेच आहे. सुरुवातीचे पुतळे न्यूयॉर्कच्या हेन्री-बोनार्ड फाउंड्रीत वाळूच्या साच्यात ओतले. वाळूच्या पद्धतीत तुकडे वेगवेगळे ओतून मग जोडायचे, सगळे पुतळे सारखे येणार, शिल्पकाराला नंतर फार काही करता येत नाही. तसे साठ-पासष्ट झाले. मग 1900 च्या सुमाराला रेमिंग्टन ब्रुकलिनच्या रोमन ब्राँझ वर्क्सकडे गेला. तिथला मालक रिकार्दो बर्तेली, इटालियन, तो मेणाच्या पद्धतीने ओतायचा. म्हणजे मूळ मॉडेलवरून सरसाचा लवचीक साचा काढायचा, त्यात मेण ओतून मेणाचा पोकळ घोडा तयार करायचा, त्याला धातू आत जायला आणि हवा बाहेर यायला मेणाच्याच नळ्या लावायच्या, वरून आणि आतून मातीसारखा लेप भरायचा, भट्टीत तापवायचं, मेण वितळून निघून जातं आणि जी पोकळी उरते तिच्यात ब्राँझ ओतायचं.

"हे तर आपल्याकडचे ओतारी करतात," आई म्हणाली. "देवाच्या मूर्ती अशाच. माझ्या आजोळी पाट्यावर मेण लाटताना बघितलंय मी."

आता गंमत अशी, की प्रत्येक पुतळ्यासाठी नवा मेणाचा घोडा लागतो. आणि मेण मऊ असतं. रेमिंग्टनला हे कळलं तेव्हा तो वेडाच झाला. फाउंड्रीत जाऊन बसायचा आणि प्रत्येक मेणावर परत काम करायचा. या घोड्याची शेपटी जरा वर, त्याच्या चाबकाचा हात वेगळा. एकदा काउबॉयला साध्या चामड्याच्या चॅप्सऐवजी लोकर असलेल्या चॅप्स घातल्या, थंडीतल्या. मेणावर कितीही दिवस बदल करत बसता येतं, फक्त तुमच्याकडे वेळ आणि धीर पाहिजे, अशा अर्थाचं त्याने एकदा मुलाखतीत सांगितलं होतं. ‘नॉर्दर’ नावाचा त्याचा एक पुतळा आहे, उत्तरेच्या वादळात सापडलेला स्वार, घोडा पाठमोरा होऊन गोठून उभा, अंगावरचे केस बर्फाने चिकटलेले. ते केस मेणावर ओढलेत, वाळूच्या साच्यात जमलेच नसते. 1902 चा ‘कमिंग थ्रू द राय’ म्हणजे चार काउबॉय दंगा करत घोडे उधळत येताहेत, सोळा खुरांपैकी सहाच जमिनीला टेकलेली, बाकी सगळं हवेत. एक घोडा तर पूर्ण अधांतरी, शेजारच्या घोड्याच्या आधाराने. मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने 1878 मध्ये फोटो काढून दाखवलं होतं की पळणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात, रेमिंग्टनने ते धातूत करून दाखवलं. बर्तेलीला किती घाम फुटला असेल.

आईला पुण्याचा घोडा आठवला, शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलचा. 1928 चा तो शिवाजी महाराजांचा पुतळा नानासाहेब करमरकरांनी केलेला आणि माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतलेला, ही गोष्ट पुण्यात प्रत्येकाला कुणीतरी कधीतरी सांगितलेली असते. तिचे वडील तिला तिथे घेऊन जायचे म्हणे. तिला दोन घोड्यांची तुलना करायची होती पण मग स्वतःच म्हणाली, "नाही, तो राजाचा घोडा आहे, धन्याला कळतोय. हा बिचारा घाबरलाय."

मला हे आधी कधी सुचलं नव्हतं, घोडा घाबरलाय ते. मी कायम वरच्या माणसाकडे बघत होते.

पुतळ्याचं काम सुरू केलं तेव्हा रेमिंग्टनने आपल्या एका लेखक मित्राला पत्र लिहिलं होतं. त्याचा आशय असा, की माझे जलरंग उडून जातील पण मी ब्राँझमध्ये टिकणार आहे, त्याला गंजसुद्धा शिवत नाही. गाडीत मी आईला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं तर ती म्हणाली, "गंज चढत नाही म्हणजे काय? पितळेत, काशात ताक ठेव आणि बघ. कळकतं ते." तिचं बरोबर आहे. कळक चढतोच. उघड्यावर ठेवलेलं ब्राँझ हिरवं पडतं.

परतीच्या वाटेवर चिपेवा बे लागतो. तिथल्या एका बेटावर रेमिंग्टनने 1900 मध्ये घर घेतलं होतं, उन्हाळ्यात तिथे कॅनू चालवायची आणि काम करायचं. आम्ही किनाऱ्यावर थांबून पोळीचे रोल खाल्ले. लेकीने हेडफोन काढले, आणि फोनवर काहीतरी शोधून म्हणाली, "मम्मा, तू हे नाही सांगितलंस आजीला."

नव्हतं सांगितलं. रेमिंग्टनची पत्रं प्रसिद्ध आहेत. त्यात त्याने ज्यू, चिनी, इटालियन, रेड इंडियन यांच्याबद्दल जे लिहिलंय ते इथे लिहावंसं वाटत नाही. ज्या इटालियन माणसाच्या हातून पुढे त्याचे सगळे पुतळे घडले त्याच्याच लोकांबद्दलसुद्धा. 1890 च्या डिसेंबरमध्ये वूंडेड नी येथे सैन्याने लाकोटा या आदिवासी लोकांची कत्तल केली, बायका-मुलांसकट, तेव्हा रेमिंग्टन त्याच भागात बातमीदार म्हणून गेलेला होता. प्रत्यक्ष त्या ठिकाणी तो नव्हता. त्याने सैनिकांनी सांगितलेलं ऐकलं आणि सैनिकांच्या बाजूने चित्र काढलं, शूर जवान गोळ्या झाडताहेत असं, ते जानेवारीत छापून आलं. मला ‘त्या काळची माणसं तशीच होती’ हे म्हणायला आवडत नाही, कारण त्याच काळात वेगळं म्हणणारीही होती. आणि तो वाईट होता म्हणून घोडा वाईट, हेही म्हणवत नाही. घोडा चांगलाच आहे. हे दोन्ही मी डोक्यात शेजारी शेजारी ठेवते आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

लेकीने जे शोधलं होतं ते मात्र मलाही माहीत नव्हतं. 2021 मध्ये नवे अध्यक्ष आले तेव्हा ओव्हल ऑफिसमधून ब्राँको बस्टर काही काळ हलवला होता, आणि तिथे ॲलन हाउझर या शिल्पकाराचा घोडेस्वार ठेवला गेला. हाउझर चिरिकाहुआ अपाची. 1886 मध्ये जेरोनिमो शरण आल्यावर त्या सगळ्या लोकांना युद्धकैदी केलं, बायका-मुलांसकट, जवळजवळ सत्तावीस वर्षं. हाउझरचे वडील त्या कैद्यांमध्ये होते, आणि हाउझर 1914 मध्ये, सुटका झाल्यावर जन्मलेला. म्हणजे ज्या लोकांच्या पाठलागाच्या चित्राने रेमिंग्टनचं नाव पहिल्यांदा मुखपृष्ठावर आलं, त्यांच्याच एका मुलाचा घोडा त्याच्या घोड्याच्या खोलीत. नंतर सरकार बदललं आणि ब्राँको बस्टर परत आला. येत-जात राहील.

आईने सगळं ऐकलं आणि लेकीला म्हणाली, "त्या दुसऱ्याचा फोटो दाखव." मग बराच वेळ चष्मा वर करून बघत होती. "याचा घोडा घाबरलेला नाही," एवढंच म्हणाली.

रेमिंग्टन 48 व्या वर्षी गेला. 1909 चा डिसेंबर. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलेलं, आणि आयुष्यभर ज्यांनी त्याला ‘मासिकातला चित्रवाला’ म्हणून बाजूला ठेवलं त्या समीक्षकांनी पहिल्यांदा मनापासून वाखाणलं. शेवटच्या काही वर्षांत त्याने आपली जुनी चित्रं नावडून जाळूनसुद्धा टाकली होती, रात्रीची, चांदण्याची चित्रं काढायला लागला होता. मग पोटात दुखायला लागलं. कनेटिकटमधल्या नव्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑपरेशन केलं, अपेंडिक्स फुटलेलं, 26 तारखेला गेला. ‘स्टॅम्पीड’ नावाचं उधळलेल्या गुरांचं शिल्प अर्धवट राहिलं होतं, ते त्याच्या मैत्रिणीने पूर्ण केलं, सॅली फार्नहॅम, ती पण ऑग्डन्सबर्गचीच आणि स्वतः मोठी शिल्पकार, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा बोलिव्हारचा अश्वारूढ पुतळा तिचा. तिचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मी घेते.

ईव्हाने फाउंड्रीकडून पुतळे ओतून घेणं चालू ठेवलं, घर त्याच्यावर चालायचं. 1918 मध्ये ती गेली. आपल्यानंतर साचे फोडून टाकावेत अशी तिने व्यवस्था केली होती, म्हणजे नंतर कुणी खोटे काढू नयेत. साचे फुटले. पण लोकांच्या घरात, दुकानांत जे अडीचशेच्या वर खरे ब्राँको बस्टर पसरलेले होते त्यांच्यावरूनच नवे साचे काढता येतात, त्याला कोण काय करणार. कॉपीराइटची मुदत संपल्यावर तर विचारायलाच नको. कॅटलॉगमधून, फर्निचरच्या दुकानांतून, बँक मॅनेजरच्या टेबलावर, दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये, सगळीकडे हा घोडा उभा. आणि त्यातला एक सिरॅक्यूजमधल्या मराठी घरात, चिंच लागलेला.

आई ऑगस्टमध्ये परत गेली. जाताना तिने मला विचारलं होतं की उरलेला घोडाही घासून देऊ का, म्हणजे एकसारखा तरी दिसेल. मी म्हटलं राहू दे. तो आता जिन्याजवळच्या खिडकीत आहे. संगमरवरी पाटी नवऱ्याने काढून टाकली, त्यामुळे तो थोडा कलतो, खाली पुठ्ठा दुमडून लावलाय. लेक येता-जाता चाबकाच्या हाताला केसांचे रबर अडकवते.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आईने समई दाखवायला लावली, मग म्हणाली, "घोडा दाखव." मी फोन खिडकीत नेला. पिवळा भाग आता तेवढा पिवळा राहिला नव्हता, कडेने तांबूस, मधे मधे करडे डाग, शेपटीच्या सांध्यापाशी तर अगदी काळा.

"चढायला लागलं की गं," ती म्हणाली. "जरा जवळ धर."

मी जवळ धरला.

"आता हात लावू नकोस त्याला."